पोरींना सामने द्या

मा. अध्यक्ष, विदर्भ क्रिकेट असोसिएशन, नागपूर यांस,

जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताच्या महिलांचा टी-२० संघ जाहीर झाला आणि त्यात अमरावतीच्या भारती फुलमाळीचं नाव आलं. याआधी ती भारताकडून खेळली होती मार्च २०१९ मध्ये. मधला सगळा काळ बातम्यांनी ‘सात वर्षांनी पुनरागमन’ एवढ्यात आटोपला. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शाळेत खेळ शिकवते, मुलींचा क्रिकेट संघ सांभाळते, आणि मला आपल्याशी बोलायचं आहे ते याच सात वर्षांबद्दल.

आधी त्या मार्च महिन्याची आठवण करून देते. ९ मार्च २०१९, गुवाहाटी, इंग्लंडविरुद्धचा तिसरा टी-२०. भारती चोवीस वर्षांची, दोनच दिवसांपूर्वी पदार्पण झालेलं. कर्णधार हरमनप्रीत कौर दुखापतीमुळे बाहेर, म्हणून संघ सांगलीच्या स्मृती मानधनाच्या हाती. जिंकायला १२० हवे होते. स्मृती ५८ करून परतली तरी सामना आपल्याच हातात होता. शेवटच्या षटकात सहा चेंडू आणि फक्त तीन धावा. गोलंदाज केट क्रॉस. एका टोकाला मिताली राज ३० वर नाबाद, पण स्ट्राइक भारतीकडे. पहिला चेंडू निर्धाव गेला, दुसराही, तिसराही. चौथ्यावर ती बाद झाली. पाचव्यावर कोल्हापूरची अनुजा पाटील यष्टिचीत. शेवटच्या चेंडूवर शिखा पांडेने एक धाव काढली आणि भारत एका धावेने हरला.

त्या षटकाबद्दल भारतीला बोल लावणाऱ्यांतली मी नाही. मोठा फटका मारायची तिथे गरजच नव्हती. चेंडू हलक्या हाताने ढकलायचा, पळायचं आणि मितालीला समोर आणायचं. पण दोन्ही बाजूंनी क्षेत्ररक्षक आत सरकले आहेत, काळीज धडधडतंय, आणि अशा वेळी बोटांतली पकड सैल ठेवून चेंडू ढकलायचा, हे नेटमध्ये शिकवता येत नाही. मी कित्येकदा करून पाहिलं. मुलीला सांगते, शेवटचं षटक आहे समज, तीन धावा हव्यात. ती समजते, आणि तरी ते शेवटचं षटक नसतं हे तिच्या हातांना ठाऊक असतं. ही गोष्ट सामन्यातच येते, तीही एका सामन्यात नाही. दहा सामने हरावे लागतात तेव्हा अकराव्याला हात आपोआप सैल पडतो.

भारतीला पुढे ते सामने मिळाले. निवड समिती तिला विसरली, पण अंगात विदर्भाची जर्सी होती. एकदिवसीय स्पर्धा, टी-२० स्पर्धा, हंगामामागून हंगाम ती खेळत राहिली. २०२४ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्सने तिला मैदानात उतरवलं, तेव्हा दिल्लीविरुद्ध संघाची पडझड होत असताना तिने ४२ केल्या. आणि १० मार्च २०२५ ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई इंडियन्सविरुद्ध २५ चेंडूंत ६१. गुवाहाटीच्या त्या संध्याकाळला सहा वर्षं आणि एक दिवस झाला होता. तो सामनाही गुजरात हरलं, नऊ धावांनी. पण ज्यांनी ती खेळी पाहिली त्यांना कळलं, की ही बाई आता शेवटच्या षटकांना भीत नाही.

अध्यक्षमहोदय, याचं श्रेय आपल्या संघटनेला आहे आणि ते मी मोकळ्या मनाने देते. तिच्यासाठी संघ होता, मैदान होतं, सामन्यांचं वेळापत्रक होतं. नागपूरची मोना मेश्राम २०१२ मध्ये भारताकडून खेळली, २०१३ आणि २०१७ या दोन विश्वचषकांच्या संघांत होती. अमरावतीची दिशा कासट, नागपूरची कोमल झंझाड महिला प्रीमियर लीगमध्ये बंगळुरूच्या संघात गेल्या. या मुली आकाशातून पडल्या नाहीत, विदर्भाच्या संघात वर्षानुवर्षं खेळून तयार झाल्या. ज्यांना असं घरचं अंगण मिळत नाही त्यांचं काय होतं, ते सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने दाखवलं आहे. भाला फेकणारी ही ताकदवान पोरगी क्रिकेट सामन्यांसाठी पार नागालँडला गेली. तिथून खेळताना २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताची टोपी मिळवली. महाराष्ट्राच्या पोरीला सामने मिळवायला देशाचं दुसरं टोक गाठावं लागलं.

आता आमच्याकडे या. राजुरा, गडचांदूर, जिवतीच्या पट्ट्यातून असं एक नाव अजून यायचं आहे. ते का आलं नाही, याचं उत्तर मला रोज सकाळी मैदानावर दिसतं.

उमेश यादवची गोष्ट विदर्भात पोराटोरांना पाठ आहे. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा, विशीपर्यंत टेनिस चेंडूवर खेळलेला, मग लेदर हातात आला, २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी. आमच्या सास्ती-पोवनीच्या वसाहतीही वेकोलिच्याच, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या. तशीच घरं, तसाच कोळशाचा धुरळा, तशीच तीन पाळ्यांत विभागलेली माणसं. फरक अंतराचा आहे. वलनीतून नागपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. राजुऱ्याहून नागपूर सुमारे १८० किलोमीटर. बल्लारपूर, चंद्रपूर, वरोरा करत एसटीत चार-साडेचार तास जातात. शिवाय उमेश मुलगा होता. विशीत लेदरवर खेळायला लागला तरी घरचे थांबले. आमच्या पोरीला विशीपर्यंत थांबायची मुभा नसते. दहावी झाली की घरात वेगळी बोलणी सुरू होतात.

चेंडूचंच घ्या. बायकांच्या क्रिकेटचा चेंडू वेगळा असतो, १४० ते १५१ ग्रॅमचा. पुरुषांचा त्याहून जड, १५६ ते १६३ ग्रॅम. आमच्या बाजारात मिळतो तो पुरुषांचा. बायकांचा हवा तर मागवावा लागतो, मग तो जपून वापरायचा, एरवी टेनिस चेंडू. नववीतली एक लेगस्पिनर आहे माझ्याकडे. मनगट असं फिरतं की बघत राहावं. टेनिस चेंडूवर ती मोठ्या पोरांनाही नाचवते. पहिल्यांदा लेदर दिला तेव्हा तीन चेंडू टाकून आली आणि म्हणाली, “मॅडम, हा बॉल लई जड लागून राहिला.” तिच्या हातात पुरुषांचा चेंडू होता. लहान हात, त्यात मोठा चेंडू. शिवण बोटांत बसेना, चेंडू अर्ध्यातच टप्पा खायला लागला. आठवडाभराने बायकांचा चेंडू दिला आणि पहिलाच लेग स्टंपवर पडून ऑफ स्टंपच्या बाहेरून गेला. ती नुसती हसली. दहा-बारा ग्रॅमचा फरक, पण तेवढ्यात एखादी पोरगी क्रिकेट सोडून देते.

खेळपट्टीचंही तसंच. आमच्याकडे मातीवर काथ्याची मॅट अंथरून, चारी बाजूंनी खिळे ठोकून खेळतात. मॅटवर चेंडू एका उंचीने, टणकन उसळतो. पोरी मागच्या पायावर खेळायला शिकतात आणि मोठ्या मैदानावर टर्फ मिळालं की तो खाली राहतो, पॅडवर आदळतो. पॅड पुरुषांचे, गुडघ्याच्या वर येणारे. पळताना पट्टा सुटू नये म्हणून त्यावरून नाडी गुंडाळतात. हे सगळं घेऊन पोरगी निवड चाचणीला जाते.

निवड चाचणी कुठल्याही खेळाची, कुठल्याही गावची असो, तिचा एक स्वभाव असतो. सकाळपासून मुलींची रांग, निवडणारे दोन-तीन जण, आणि एकीच्या वाट्याला दहा-बारा चेंडू. ज्यांनी आयुष्यभर टर्फवर लेदर खेळलाय त्यांना तेवढे पुरतात. आमच्या पोरीला टर्फचा अंदाज यायलाच तेवढे लागतात, आणि तोवर पुढच्या मुलीला हाक गेलेली असते. परतीच्या एसटीत ती विचारते, “मॅडम, काऊन नाही आलं माझं नाव?” मी काय सांगावं? तुझ्यात काही कमी नाही, एवढंच सांगते. ते खरंही असतं, पण ती पुढच्या वर्षी येत नाही. गुवाहाटीत भारतीने एकूण तेरा चेंडू खेळले आणि पाच धावा केल्या. त्या तेरा चेंडूंवर तिचा निकाल लावला असता तर ६१ धावांची ती खेळी कुणाला दिसलीच नसती. चाचणीच्या बारा चेंडूंवर आम्ही आमच्या पोरींचा निकाल लावतो, म्हणून हे पत्र.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मग सराव वाढवा. कसा वाढवणार? मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, सकाळी साडेसातनंतर मैदानावर उभं राहवत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी. कास्तकाराच्या घरची पोरगी शाळा सुटल्यावर आईबरोबर वावरात असते, आणि देशातल्या क्रिकेटचा हंगाम नेमका तेव्हाच चालू असतो. संध्याकाळी उशिरा थांबवावं तर खेड्यावरून येणाऱ्या मुलींना दिवस बुडायच्या आत घरी पोचवावं लागतं. आरटी-१ वाघाने राजुरा आणि विरूर परिसरात आठ माणसं मारली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला, पण आयांच्या मनातली धास्ती अजून गेलेली नाही आणि जंगल तर तिथेच आहे. मी त्या आयांना दोष देणार नाही. माझी लेक असती तर मीही तेच केलं असतं.

पालक मागासलेले आहेत असं समजू नका. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा आमच्या गल्ल्यांतही फटाके फुटले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा ज्यांनी कधी बॅट धरली नव्हती अशा पोरी मैदानावर उभ्या होत्या, आणि मागे त्यांचे बाप. बीसीसीआयने डिसेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत स्पर्धांतल्या महिला खेळाडूंचं मानधन दिवसाला वीस हजारांवरून पन्नास हजार केलं, हेसुद्धा बापांना माहीत आहे. ते विचारतात, “मॅडम, खेळायला कुठं मिळंल?” हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे.

आमच्या सीमेपलीकडे तेलंगणात गोदावरीकाठी भद्राचलम आहे. जंगलाचा मुलूख, शेजारी कागदाचा कारखाना, अगदी आमच्या बल्लारपूरसारखा. तिथली गोंगडी त्रिशा २०२५ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात ३०९ धावा करून स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण तिच्यासाठी वडिलांना जिम विकावी लागली, जमीन विकावी लागली, सगळा संसार हैदराबादला हलवावा लागला. ज्याच्याकडे विकायला चार एकर आहेत तो विकेल. कोलामाची, गोंडाची, खाणीतल्या ठेकेदारी कामगाराची पोरगी काय विकणार? उलट हिमाचलने काय केलं पाहा. रोहडूजवळच्या खेड्यातली रेणुका ठाकूर, तीन वर्षांची असताना वडील गेले, आई सरकारी खात्यात साधी कर्मचारी. हिमाचलच्या क्रिकेट संघटनेने २००९ मध्ये धर्मशाळेला मुलींसाठी निवासी अकादमी काढली, रेणुका तेरा-चौदा वर्षांची असताना तिथे गेली आणि आज विश्वविजेत्या संघाची वेगवान गोलंदाज आहे. आईला घर सोडावं लागलं नाही, काही विकावं लागलं नाही.

आमच्या पोरींना हे झेपेल का, असं कुणी विचारू नये. १६ मे २०१८ ला आमच्याच भागातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, आणि त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आधी त्या मुलांना महिनोन्महिने तयार केलं, दार्जिलिंगला नेलं, लेहला नेलं, बर्फावर चालायला शिकवलं. कुणी त्यांना एका सकाळी डोंगरासमोर उभं करून ‘चढून दाखवा’ म्हटलं नाही. क्रिकेटमध्ये आम्ही नेमकं तेच करतो.

माझं मागणं मोठं नाही. निवासी अकादमी झाली तर हवीच आहे, पण तिला जागा लागते, पैसा लागतो, वर्षं लागतात, आणि माझी लेगस्पिनर तोवर अठराची होईल. मला येत्या हंगामापासून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या मुलींसाठी लेदर चेंडूवरची साखळी स्पर्धा हवी आहे. राजुरा, गडचांदूर, बल्लारपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अहेरी असे सहा संघ धरा. दोनदा प्रत्येकाशी खेळले तरी एका संघाला दहा सामने होतात. चेंडू बायकांच्या वजनाचेच, आपल्याकडून आलेले. पंच आपले. आणि निवडणाऱ्यांनी नागपुरात बसून मुलींची वाट पाहण्याऐवजी शेवटच्या फेरीला इकडे यावं. एका दिवसाच्या बारा चेंडूंवर नाही, दहा सामन्यांतल्या कामगिरीवर मुलगी निवडावी. पहिल्या सामन्यात शून्यावर गेलेली पोरगी आठव्यात काय करते ते पाहावं. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरणं परवडतं. जेवण आणि एखाद्या रात्रीचा मुक्काम लागेल तो आपण पाहावा.

जागा शोधायलाही फार लांब जायला नको. बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. देशभरातली मुलं इथे येऊन राहिली, खेळली. म्हणजे या जिल्ह्याला पाहुणचार जमतो आणि स्पर्धा भरवणंही जमतं. तिथे, किंवा जिथे आपल्याला सोयीचं वाटेल तिथे, दोन टर्फ खेळपट्ट्या मुलींच्या नावाने ठेवा. त्यांच्या कडेला कपडे बदलायला बंद खोली आणि पाण्यासह स्वच्छतागृह असावं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण महिन्यातले चार दिवस मुली मैदानावर का येत नाहीत हे विचारायची वेळ पुरुष प्रशिक्षकांवर येते आणि ते विचारत नाहीत.

विदर्भाचा रणजी संघ वर्षानुवर्षं तळाशी होता. मग डिसेंबर-जानेवारी २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, फैज फजलने चषक उचलला, पुढच्या वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. हे एकाएकी घडलं नाही, आपल्या संघटनेने पोरांवर बरीच वर्षं आधी मेहनत घेतली होती हे सगळ्या विदर्भाला माहीत आहे. तेवढीच दूरची नजर मुलींसाठी, आणि नागपूरपासून दूर राहणाऱ्या मुलींसाठी ठेवावी, ही विनंती आपल्याला करता येते ती आपण हे करून दाखवलं आहे म्हणूनच.

तारखांबद्दल एक सूचना करते. वेचणीचा जोर डिसेंबरअखेर ओसरतो आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागते. मधले सहा-सात आठवडे ऊनही सोसण्यासारखं असतं. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करून शनिवार-रविवार सामने ठेवले तर दहाच्या दहा बसतात. सामने दुपारी चारच्या आत संपावेत, म्हणजे लांबच्या मुली उजेडात घरी पोचतील. आश्रमशाळेतल्या मुलींना बाहेर पाठवायला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. म्हणून कार्यक्रम नोव्हेंबरमध्येच हाती पडला तर आम्हा शिक्षकांना कागदपत्रं वेळेत पुरी करता येतील. राजुऱ्याचा संघ उतरवायची जबाबदारी मी घेते.

आपली,
राजुऱ्यातील एक क्रीडाशिक्षिका